'कळ्यांचे निःश्वास' आणि आमचे मंगळवार

वर्धापनदिनाची स्मरणिका निघावयाची म्हणजे चिटणीसबाईंची लेखांसाठी धावपळ ही ठरलेलीच. यंदा त्यांनी मला गाठले आणि "वाचनमंडळाचा वृत्तांत तुम्ही लिहा, पण नुसता वृत्तांत नको, त्याला इतिहासाची जोड द्या," असे बजावले. वृत्तांत म्हटला तर दोन ओळींत आटोपतो. गेल्या वर्षी आषाढापासून कार्तिकापर्यंत दर मंगळवारी दुपारी तीन ते पाच या वेळात, मंडळाच्या सभागृहात, विभावरी शिरूरकर यांचा 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह मोठ्याने वाचण्यात आला. उपस्थिती समाधानकारक होती. चहाचा खर्च सभासद भगिनींनी आळीपाळीने केला. आमच्यातील तरुण भगिनी या उपक्रमाला 'बुक क्लब' म्हणतात. वडीलधाऱ्या 'मंगळवारची पोथी' म्हणतात. दोन्ही नावांना कोणाची हरकत नाही.

इतिहासाची जोड मात्र दोन ओळींत देता येणार नाही, कारण हे पुस्तकच असे आहे की त्याच्या कथा वाचू लागावे आणि हाती इतिहास यावा. तेव्हा वाचक भगिनींनी थोडा धीर धरावा, अशी विनंती आहे.

हा संग्रह १९३३ साली प्रसिद्ध झाला. प्रकाशक ह. वि. मोटे. लेखिकेचे नाव मुखपृष्ठावर होते खरे, पण त्या नावाची बाई कोणाच्या ओळखीची नव्हती. विभावरी म्हणजे रात्र, आणि शिरूर म्हणजे पुणे जिल्ह्यातील घोडनदीकाठचे गाव, एवढाच काय तो माग. प्रौढ वयापर्यंत अविवाहित राहिलेल्या, शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या मुलींच्या मनात काय चालते हे एका बाईने, बाईच्याच तोंडून, कोठेही आडपडदा न ठेवता सांगितले होते. झाले, वादळ उठले. टीकेचा भडिमार झाला. पुस्तकात काय लिहिले आहे यापेक्षा हे लिहिणारी कोण, याचीच चौकशी अधिक झाली. त्या शोधाशोधीत पुस्तक मात्र हातोहात फिरले.

ती बाई म्हणजे बाळूताई खरे. जन्म १९०५ चा, घोडनदीचा. वडील अनंतराव खरे हे शिक्षक होते. मुलींना शिकवावयाचेच या निश्चयाने त्यांनी त्यांना अण्णासाहेब कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेत पाठविले. कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला, १९०७ साली महिला विद्यालय आणि १९१६ साली महिला विद्यापीठ. बाळूताई त्याच विद्यापीठाच्या पदवीधर. तेथील पदवीला 'गृहीतागमा' असे भारदस्त नाव होते. त्या काळी हिला सरकारमान्यता नव्हती. विद्यापीठाला ती १९५१ साली लाभली. तरीही या पदवीच्या बळावर शेकडो मुली शाळांतून शिक्षिका झाल्या. बाळूताईही कन्याशाळेत शिकवीत असत. ज्या मुलींविषयी त्यांनी लिहिले त्या त्यांच्या वसतिगृहातील मैत्रिणी होत्या, शिक्षिकांच्या खोलीतील सहकारिणी होत्या. १९३८ साली त्यांचा विवाह विश्राम बेडेकरांशी झाला आणि पुढे त्या मालतीबाई बेडेकर म्हणून सर्वांना ठाऊक झाल्या. २००१ साली त्या निवर्तल्या.

ही झाली सर्वश्रुत माहिती. आमच्या मंडळात पहिल्या मंगळवारी ती मीच वाचून दाखविली, आणि लागलीच एका भगिनीने विचारले, "पण टोपणनाव घ्यायची एवढी गरज काय होती?" प्रश्न साधा, पण त्यावर दोन मंगळवार गेले. कोणी म्हणाले भीती. कोणी म्हणाले नोकरी. मुलींच्या शाळेत शिकविणारी अविवाहित बाई असे लिहिते हे कळले असते, तर पालकांनी काय म्हटले असते, याची कल्पना करणे अवघड नाही. आमच्यातील एक निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या, "अहो, माझ्या शाळेतल्या बाईंनी असलं काही लिहिलं असतं तर मलाच उत्तर द्यावं लागलं असतं, आणि मी काय उत्तर दिलं असतं, देव जाणे." हे त्यांनी १९३३ विषयी म्हटले नव्हते, हे येथे नमूद करावेसे वाटते.

माझे स्वतःचे मत थोडे निराळे आहे. बाळूताईंनी स्वतःच्या नावाने यापूर्वी लिहिले होते. स्त्रियांच्या दागिन्यांवरील 'अलंकार मंजूषा' हे पुस्तक १९३१ चे, आणि 'हिंदू व्यवहार धर्मशास्त्र' हे दुसऱ्या एका लेखकासमवेत लिहिलेले पुस्तक १९३२ चे. म्हणजे दागिने आणि धर्मशास्त्र या दोन विषयांवर बाईने नावानिशी बोलावे, त्याला कोणाची ना नव्हती. तिसऱ्या विषयासाठी मात्र तिला रात्रीचे नाव घ्यावे लागले. या तीन पुस्तकांच्या तीन वर्षांत जेवढा इतिहास आहे तेवढा जाडजूड ग्रंथांतही मिळत नाही, असे मला वाटते. आणि धर्मशास्त्रावरील त्या पुस्तकाचा या कथांशी काही संबंध नाही असे समजू नये. त्याकडे मी येतेच.

संग्रहाची प्रत मिळविणे हे एक प्रकरणच झाले. नव्या आवृत्तीची एकच प्रत हाती आली. दुसरी, पिवळी पडलेली, कोपरे झिजलेली प्रत शहरातील एका जुन्या वाचनालयातून आणली. ती आणावयास गेले असता तेथील ग्रंथपालांनी कौतुकाने जुन्या देवघेवीची एक वही दाखविली. तीत पुस्तके नेणाऱ्यांची नावे होती, आणि एका पानापासून दुसऱ्या पानापर्यंत ती सारी पुरुषांची होती. वर्गणीदार पुरुष, म्हणून नाव त्यांचे. कादंबऱ्या, कथासंग्रह, स्त्रियांची मासिके, सर्व काही अमुकराव आणि तमुकपंत यांनी नेलेले! घरी गेल्यावर ते पुस्तक कोणी उघडले, दुपारी स्वयंपाकघर आवरल्यावर कोणी वाचले, कोणी उशीखाली ठेवले, याची नोंद कोणत्याही वहीत नाही. मराठी स्त्रीच्या वाचनाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या नोंदींवर फार भिस्त ठेवू नये.

बायकांनी वाचणे हीच एके काळी कुरबुरीची बाब होती, हे रमाबाई रानड्यांच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणी वाचलेल्यांना सांगावयास नको. काशीबाई कानिटकर (१८६१ ते १९४८) लग्नानंतर वाचावयास शिकल्या आणि लेखिका झाल्या. ऑगस्ट १९३० मध्ये किर्लोस्करवाडीहून 'स्त्री' मासिक निघू लागले तेव्हा वाचणारी बाई ही नवलाई राहिली नव्हती. पण वाचणारी बाई आणि स्वतःविषयी बोलणारी बाई यांत पुष्कळ अंतर असते. ते अंतर 'कळ्यांचे निःश्वास' ने एका झेपेत ओलांडले.

आता आमच्या वाचनाकडे वळते.

आरंभी आम्हांला वाटले होते की ज्या पुस्तकाने एवढा गहजब उडविला त्यात काही तरी भयंकर असणार. दोघीतिघींनी तर "सुनांसमोर वाचण्यासारखं आहे ना?" अशी आधीच चौकशी करून ठेवली होती. वाचता वाचता त्यांची निराशाच झाली म्हणावयाची. दूरचित्रवाणीवर रोज रात्री जे पाहतो त्यापुढे यात काहीच नाही, असे एकीने स्पष्ट सांगितले. नावावरही चर्चा झाली. "निःश्वास कसले, या मुली चांगल्या सरळ बोलतायत की!" असे आमच्या खजिनदारबाईंचे मत पडले, आणि ते मला मार्मिक वाटले.

मग एका मंगळवारी 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' ही कथा आली.

या कथेचे सारे सार तिच्या नावातच आहे. मुलगी शिकलेली, कमावती. बापाच्या घराला तिच्या पगाराची सवय लागलेली. ती घरासाठी राबते. पण ते घर तिचे कसे व्हावे? पुढचे वाचूच नये असे वाटण्याइतका हा प्रश्न सरळ आहे. कथा संपली आणि नेहमीसारखी लगेच बोलाबोली झाली नाही. चहा आला, तोही कोणी उचलला नाही.

मला त्या क्षणापासून हे पुस्तक वेगळे दिसू लागले. १९३३ साली लोक रागावले ते अविवाहित मुलीच्या मनातील प्रीतीची ओढ उघड झाली म्हणून, असे आपण ऐकत आलो. ते खरेच आहे. पण या कथांतील ओढीच्या खाली पैसा आहे, आणि टीकाकारांना त्याविषयी बोलणे अधिक अडचणीचे वाटले असावे. प्रीतीला अश्लील म्हणता येते. पगाराला काय म्हणणार?

त्या काळाची आर्थिक घडी ध्यानात घेतली म्हणजे हे उलगडते. शारदा कायदा १९२९ साली झाला आणि १ एप्रिल १९३० पासून अंमलात आला. त्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ ठरविले. शहरातील पांढरपेशा घरांत तर मुलींची लग्ने त्याच्याही पुष्कळ पुढे जाऊ लागली होती. मुलगी शिकली की तिला तिच्याहून अधिक शिकलेला वर हवा; तो अधिक शिकलेला म्हणून त्याचा हुंडाही अधिक. म्हणजे शिक्षणाने हुंडा टळण्याऐवजी वाढला. त्यात जगभर मंदी आलेली, मुलग्यांना पदव्या घेऊनही नोकऱ्या मिळेनात. अशा घरात थोरली मुलगी कोठे तरी शिक्षिका म्हणून लागली की तिचा पगार हा पहिल्या महिन्यात आनंद, दुसऱ्या महिन्यात आधार आणि तिसऱ्या महिन्यात गृहीत धरलेली जमा होत असे. तिचे लग्न करून देणे म्हणजे हुंडा द्यावयाचा आणि वर चालू उत्पन्न घालवावयाचे. कोणताही बाप हे उघड बोलला नसेल. स्थळ पसंत पडत नाही, पत्रिका जुळत नाही, धाकट्याची परीक्षा होऊ दे, असे म्हणत वर्षे गेली असतील.

आणि आता धर्मशास्त्र. १९३० सालीच बॅ. मुकुंदराव जयकरांच्या खटपटीने 'विद्याधना'चा कायदा झाला होता. एकत्र कुटुंबाच्या खर्चाने शिकून माणसाने जी कमाई केली ती कुटुंबाची नसून त्याची स्वतःची, असे त्या कायद्याने ठरविले. घरातील कर्ता आणि शिकलेले मुलगे यांच्या तंट्यांतून तो जन्माला आला. त्या वेळी शिकून कमावणाऱ्या मुलीचा विचार फारसा कोणाच्या मनात आला असेल असे वाटत नाही. पण बाळूताईंनी दोनच वर्षांनी हिंदू व्यवहारावरील ग्रंथाला हात लावला होता. कोणाची कमाई कोणाची, याचा विचार त्यांच्यापाशी पुरेपूर होता. म्हणून या कथांतील मुली नुसत्या रडत नाहीत, हिशेब मागतात. गहजबाचे एक कारण हेही असावे.

चहा निवल्यावर प्रथम बोलल्या त्या आमच्यातील सर्वांत वडील आजी. त्यांचे वय शहाऐंशी आहे, त्या नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या, आणि त्या अविवाहित आहेत. एवढी वर्षे मंडळात आहेत, पण स्वतःविषयी त्या कधी बोलल्याचे मला आठवत नाही. वडिलांची गिरणीतील कारकुनी गेली तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. पाठीवर तीन भाऊ आणि एक बहीण. पगाराचे पाकीट न फोडता आईच्या हाती द्यावयाचे, आणि आई त्यातून बसभाड्याचे पैसे काढून परत देई. बहिणीचे लग्न झाले, भाऊ मार्गी लागले.

"पण या गोष्टीतल्या मुलीसारखं मला कधी वाटलं नाही," आजी म्हणाल्या. "माझ्याकडून कोणी घेतलं नाही. मी दिलं."

यावर आमच्यातील सर्वांत तरुण भगिनी, जी संगणकाच्या कंपनीत नोकरी करते आणि मंगळवारी रजा टाकून येते, ती हळूच म्हणाली, "आजी, नाही म्हणायची सोय होती का पण?"

प्रश्न उद्धट नव्हता. स्वर तर मुळीच नव्हता. तरी दोघीतिघींनी तिच्याकडे डोळे वटारले. आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "सोय होती की नव्हती हे बघायला मी गेलेच नाही." आणि थोड्या वेळाने, कोणी विचारले नसताना, "पाकीट एकदा फोडलं होतं. पावसाळी चपला घेतल्या. आईनं काही म्हटलं नाही, पण त्या महिन्यात बसभाडं दिलं नाही."

आजींचे म्हणणे मला पटले, आणि त्या तरुण भगिनीचेही पटले. ही दोन्ही मते एकत्र कशी नांदतात हे मला सांगता येत नाही. पण त्या दिवशी सभागृहात ती नांदत होती खरी.

पुढच्या मंगळवारी वाचन झालेच नाही. बोलणे घरावरून घरावर गेले. आजींच्या वडिलांचे घर पुढे भावांच्या नावे झाले, आणि आजींनी हक्कसोडपत्रावर सही केली. कोणी जबरदस्ती केली नाही. धाकटा भाऊ कागद घेऊन आला, जेवून गेला. हे ऐकून एकीने सांगितले की तिनेही केली. मग दुसरीने. मग तिसरीने. बसलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक भगिनींनी माहेरच्या घराच्या किंवा जमिनीच्या हक्कसोडपत्रावर सह्या केलेल्या निघाल्या. कोणी माहेर तुटू नये म्हणून, कोणी भावाची स्थिती बेताची म्हणून, कोणी तर कागदावर काय आहे हे न वाचताच. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या मिळकतीत वारस केले. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली वडिलोपार्जित मिळकतीतही तिला मुलग्याच्या बरोबरीने बसविले. कायदा असा पायरी पायरीने पुढे आला, आणि प्रत्येक पायरीवर त्याच्यासाठी एक सहीचा कागद तयार होता. मला भाऊ नाही, म्हणून माझ्यावर ही वेळ आली नाही. त्यामुळे या विषयात मी न्यायनिवाडा करीत नाही. परंतु १९३३ च्या एका कथेच्या नावातील प्रश्नचिन्ह अद्याप पुसलेले नाही, हे मात्र त्या मंगळवारी सर्वांनी पाहिले.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तीवरून आमच्यात गैरसमज झाला होता. कथेतील बाप म्हणजे बाळूताईंचेच वडील, असे एकदोघींनी धरून ठेवले आणि अनंतराव खऱ्यांना बोल लावावयास सुरुवात केली. १९३३ सालचे वाचकही अशीच माणसे ताडीत बसले असतील! वास्तविक बाळूताईंनी १९५३ साली 'खरे मास्तर' हे पुस्तक लिहिले ते वडिलांच्याच चरित्रावर आधारलेले आहे, आणि मुलींच्या शिक्षणासाठी त्यांनी काय सोसले हे त्यात आहे. मुलीला शिकविणारा बाप आणि शिकलेल्या मुलीवर विसंबणारा बाप हे दोन्ही एकाच पिढीतले, बहुधा एकाच आळीतले. एकाच लेखणीने दोघांना न्याय दिला, ही त्या लेखणीची थोरवी.

पुस्तकात सर्वच कथा सारख्या उतरल्या आहेत असे नाही. काही ठिकाणी पात्रे बोलण्याऐवजी भाषण करतात. काही शेवट घाईचे वाटतात. पहिलेच ललित पुस्तक, त्यातून मनात साठलेले फार. परंतु त्या काळच्या पुष्कळ कथांत तरुणी जशी गुलाबी पातळ नेसून खिडकीत उभी असते, तशी एकही येथे भेटत नाही. येथल्या मुलींच्या हातांवर खडूची धूळ आहे. आमच्यातील शिक्षिकांनी हे तत्काळ ओळखले.

कार्तिकात संग्रह संपला. शेवटच्या मंगळवारी आजी आल्या नाहीत; पाय दुखत होता. दुसऱ्या दिवशी पुस्तक दोन दिवसांसाठी घरी पाठवून द्या, असा त्यांचा निरोप आला. वाचनालयाची प्रत बाहेर न देण्याचा आमचा नियम असल्याने नवी प्रत पाठविली. दोन दिवसांचे तीन आठवडे झाले, पण मागावयास कोणी गेले नाही. परत आली तेव्हा ती वर्तमानपत्राचे कव्हर घातलेली होती.

पुढील वाचनासाठी दोन सूचना आल्या. एक 'हिंदोळ्यावर' ही या संग्रहापाठोपाठ आलेली कादंबरी. दुसरी 'बळी'. बहुमत 'बळी' कडे गेले, आणि त्याचे कारण आपले सोलापूरच. विवाहापूर्वी बाळूताई येथील गुन्हेगार म्हणून शिक्का मारलेल्या जमातींच्या वसाहतीत अधिकारी होत्या. ज्या भागाला आपण आजही नुसते 'सेटलमेंट' म्हणतो तेथे तारेच्या कुंपणाआड माणसे ठेवीत, आणि त्या अनुभवावर १९५० साली ही कादंबरी आली. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. आमच्यातील दोन भगिनींचे बालपण त्या वस्तीच्या शेजारी गेले आहे. आई तिकडे फिरकू देत नसे, असे दोघीही सांगतात. त्या वस्तीतील कोणी भगिनी वाचनास येऊ इच्छीत असतील तर त्यांना आणावे, असे ठरले असून ते काम खजिनदारबाईंनी अंगावर घेतले आहे.

वाचन चैत्रापासून, वार व वेळ तीच. 'बळी' ची जुनी प्रत कोणाच्या घरी माळ्यावर असल्यास कार्यालयात आणून द्यावी. बांधणी मंडळ करून देईल.